वाफेवरचा अकरावा दिवस

हात कधी उठला ते त्याला कळलंच नाही. कळला तो आवाज. ओलं फडकं फरशीवर आपटावं तसा तो न्हाणीघरात घुमला आणि चारी भिंतींवरून परत येऊन त्याच्याच कानात शिरला. समोर नळवाला एका हातानं गाल धरून उभा होता आणि त्याच्या दुसऱ्या हातात पाना होता. वीतभर लांबीचा, चांगला जड. तो पाना उचलला जाईल, कपाळावर बसेल, असं वाटून त्यानं डोळे मिटले. खरं सांगायचं तर भीतीनं मिटले नाहीत, वाट बघत मिटले. पण नळवाल्यानं पाना हळूच खाली ठेवला, जणू काही झोपलेल्या माणसाशेजारी ठेवतोय, आणि पिशवी उचलून तो जिना उतरून गेला. नळवाल्याचा गुन्हा एवढाच होता की गरम पाणी का येत नाही हे बघायला तो आला होता, टाकीच्या पोटाला जी बोटाएवढी काचेची नळी असते तिच्यापाशी वाकला होता आणि म्हणाला होता, "साहेब, नळी रिकामी आहे. टाकीत टिपूस नाही. आणि खाली जाळ चालू ठेवलाय तुम्ही. बंद करा आधी."

"भरलेली आहे," हा म्हणाला होता.

"अहो, रिकामी आहे साहेब. माझी रोजची आहेत ही कामं."

आणि मग तो आवाज. बायको दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. "तुम्ही मारलंत त्याला?" तिनं विचारलं. त्यानं वाकून टाकीखालचा जाळ बंद केला. तळव्याची आग होत होती. सत्तावीस वर्षांनी तीच आग, त्याच तळव्याला. अंगठ्याच्या मुळाशी सुरू होऊन मनगटाकडे चढणारी. "त्याचे कामाचे पैसेही दिले नाहीत," बायको म्हणाली. मग जरा वेळानं, आवाज खाली आणून, "काल ते पत्र आल्यापासून तुमचं चित्त थाऱ्यावर नाही. आज शेवटची तारीख आहे. जा, सही करून टाका एकदाची. एका दिवसासाठी आपला जन्म गेला."

एका दिवसासाठी जन्म गेला, हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की घरातल्या खुर्ची-टेबलासारखं ते झालं होतं, त्याला ठेच लागेनाशी झाली होती. आज लागली. तो कपडे करून बाहेर पडला. पत्राची घडी छातीवरच्या खिशात होती आणि चालताना कागदाचा कोपरा बरगडीला टोचत होता.

पत्र नियमांच्या भाषेत होतं, आणि ती भाषा त्याच्या हाडांत मुरलेली होती. नौदलातल्या अभियंता अधिकाऱ्याची बढती वर्षांवर मोजत नसत, वाफेवरच्या दिवसांवर मोजत. बॉयलर पेटलेला, वाफ धरलेली, आणि अधिकारी स्वतः किमान चार तास खाली पहाऱ्यावर, असा दिवस म्हणजे एक दिवस. डेकवरच्या अधिकाऱ्यांचं बरं होतं. त्यांचं जहाज पाण्यावर असलं की पुरे. इंजिनवाल्यांना ते पाणी उकळलेलं लागे. हा विनोद दर मेजवानीत कुणीतरी करी आणि इंजिनवाले आपापल्या टेबलाशी, नखांतलं तेल लपवत, हसत. डेकवरचे लोक त्यांना 'तेलकट' म्हणत, तोंडावर म्हणत. ठरावीक तारखेच्या आत दिवस पुरे झाले तर मंडळापुढे नाव जाई. एकही दिवस कमी पडला तर नाव मागच्या तुकडीत, आणि मागच्या तुकडीतला माणूस मग कायमचा मागच्या तुकडीतला. पंचावन्नाव्या वर्षी कमांडर असाल तर घरी, कॅप्टन झालात तर आणखी तीन वर्षं, आणि म्हातारपणी जरा मोठं निवृत्तिवेतन. त्याला येत्या महिन्यात पंचावन्न पुरी होत होती. आणि आता, नेमकं आता, हे नवं कलम बेचाळीस निघालं होतं. ज्यांचे वाफेवरचे दिवस सातपर्यंत कमी पडले, त्यांनी त्या दिवसांचा स्वतःच्या सहीचा दाखला द्यावा, दिवस धरले जातील, निवृत्त होताना वरचा हुद्दा आणि त्या हुद्द्याचं वेतन मिळेल. त्याचा कमी पडलेला दिवस एकच होता. अकरावा. दाखल्यात एवढंच लिहायचं होतं की अमुक तारखेला दुपारी बारा ते चार मी स्वतः बॉयलरखान्यात हजर होतो.

तो हजर होता. तासांचा आकडा सोडला तर खोटं काहीच लिहायचं नव्हतं. हीच तर अडचण होती.

बसथांब्यावर रांग होती. पुढच्या माणसाची मान लालसर, जाड, नुकती हजामत केलेली. त्या मानेकडे बघता बघता त्याच्या मनात आलं की तिथं, कानाखाली, काठीचा एक तडाखा बसला तर ही मान कशी वाकेल. असले विचार त्याला तरुणपणी येत नसत. जहाजावरच्या त्या दिवसानंतर येऊ लागले. कुणाशीही बोलताना त्या माणसाची कातडी तो बघे आणि ती सुटून आली तर खाली काय दिसेल हे त्याला दिसे. मुलगा सहा वर्षांचा असताना शाईची दौत सांडली म्हणून त्यानं त्याच्यावर हात उगारला होता. बायको मध्ये पडली. हात तिला लागला. त्यानंतर कितीतरी वर्षं तो घरात हात पाठीमागे बांधून चाले, आणि हाताखालची पोरं समजत की ही साहेबांची ऐट आहे. पोरांनी त्याला 'टिचकी' नाव ठेवलं होतं. कुठलाही दाबमापक वाचण्याआधी तो काचेवर नखानं टिचकी मारी. काटा अडकलेला असेल तर हलतो, हलला की खरा आकडा कळतो. सगळेच अभियंते हे करतात, पण हा दोनदा करी, तीनदा करी, घरातल्या घड्याळावर करी, दवाखान्यातल्या वजनकाट्यावर करी. "टिचकी मारल्याशिवाय साहेब बायकोचाही शब्द खरा धरत नाहीत," असं कुणी म्हणाल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. त्या अकराव्या दिवशी त्यानं टिचकी मारली नव्हती. मारून उपयोगही नव्हता, कारण पाण्याच्या नळीला काटा नसतो.

बॉयलरच्या अंगावर काचेची उभी नळी असते आणि तिच्यात पाण्याची रेघ दिसते. रेघ मध्यावर असली की ठीक. पण रेघच दिसत नसली तर? नळी काठोकाठ भरली तरी रेघ दिसत नाही आणि ठणठणीत रिकामी झाली तरी दिसत नाही. भरलेली काच आणि रिकामी काच अगदी सारखी दिसते, जुळ्या भावंडांसारखी. शिकाऊ उमेदवाराला पहिल्याच दिवशी हे शिकवतात. खालची तोटी उघडून बघायची. पाणी आलं तर भरलेली, नुसती वाफ फुसफुसली तर रिकामी. अर्ध्या मिनिटाचं काम. रिकामी असेल तर वेळ न दवडता भट्टीतला जाळ, पेटत्या कोळशासकट, बाहेर ओढायचा. आणि जाळ ओढला की वाफ पडली. आणि वाफ पडली की दिवस गेला.

जहाज बंदरात उभं होतं. बॉयलर खरं तर विझवून खरवडायला द्यायचा होता, आतून क्षारांचे थर बोटभर चढले होते. पण त्याला अकरा दिवस हवे होते. त्यानं चीफला, म्हणजे जहाजाच्या मुख्य अभियंत्याला, गळ घातली, निमित्त काढलं, पंपांची चाचणी म्हणाला, आणि चीफ हसून म्हणाला, "अरे, तुझ्या बढतीसाठी मी कोळसा जाळतोय होय? जाळ बाबा, सरकारचाच आहे." दहा दिवस वाफ राहिली. अकराव्या दिवशी बाराच्या पहाऱ्याला तो खाली उतरला. भट्टीपुढे लांबू होता. भट्टीत कोळसा टाकणारा हा उंच फायरमन वाकून वाकून कायमचा वाकलेला होता, आणि डोकं कुठं आपटलं की त्या लोखंडाचीच माफी मागे. खालची माणसं त्याच्यावर हसत आणि त्यालाही त्यात गंमत वाटे. दीड वाजता तो फावडं टेकवून म्हणाला, "साहेब, जरा काच बघता का? रेघ दिसंना."

"भरलेली आहे."

"सकाळपासून पंप नीट ओढत नाही साहेब. मला रिकामी वाटते. तोटी उघडून बघू?"

तोटी उघडली तर कळेल. कळलं तर जाळ ओढावा लागेल. अडीच तास राहिले होते. आज इतक्या वर्षांनी, बसच्या दांड्याला लोंबकळत, तो त्या क्षणाकडे पुन्हा गेला आणि नेहमीसारखाच त्याला संशय आला की आपल्याला तेव्हा माहीत होतं का? काच रिकामी आहे हे पोटात कुठंतरी कळलं होतं का? की खरंच वाटलं होतं भरलेली आहे? याचं उत्तर त्याला कधीच सापडलं नाही. कधी कधी तर अशी भीती वाटे की उत्तर सापडू नये म्हणूनच आपण इतकं शोधतो. लांबूनं हात तोटीकडे नेला. त्यानं तो हात धरला नाही, 'थांब' म्हणाला नाही. त्यानं लांबूच्या थोबाडीत मारली. घामानं आणि कोळशानं माखलेला तो गाल. ओलं फडकं आपटल्याचा आवाज. लांबू मागं सरला नाही, त्यानं डोळेही झाकले नाहीत. नुसता बघत राहिला, आणि मग, लोखंडाची माफी मागायचा तशाच आवाजात, म्हणाला, "बरं साहेब." त्यानं फावडं उचललं आणि तो भट्टीत कोळसा झोकू लागला. त्याच्या गालावर कोळशाच्या काळ्यात चार बोटं गोरी उमटली होती.

ती बोटं बघवेनात म्हणून हा शिडी चढून वर गेला. फक्त श्वास घ्यायला. वरच्या झाकणातून त्याची छाती बाहेर आली आणि खाली भट्टीचं छत तापून लाल होऊन खाली लोंबलं आणि फाटलं. आवाज झाला असं लोक म्हणतात, त्याला आवाज आठवत नाही. आठवते ती खालून आलेली पांढरी लाथ, तिनं त्याला झाकणातून उपटून डेकवर फेकलं. आठवतो तो मांसाचा वास, आणि त्या वासानं, लाज वाटावी अशी, तोंडाला सुटलेली लाळ. वाफ ओसरल्यावर तो पहिला खाली उतरला. लांबू भट्टीच्या तोंडापुढे बसलेला होता. फावड्याला धरलेले हात फावड्यालाच राहिले होते. त्यानं काखेत हात घालून त्याला उचलायला जोर केला तेव्हा पाठीची कातडी सदऱ्यासारखी सुटून त्याच्या हातात आली. आणि लांबू जिवंत होता. आणखी सोळा मिनिटं जिवंत होता. त्याच्या गालावर आता बोटं नव्हती. गालच नव्हता. साक्षीदार जळून गेला, हा विचार त्याच्या मनात त्याच वेळी, त्याच जागी, लांबूचा श्वास चालू असतानाच आला होता. तो नंतर कधी आला असता तर माणूस स्वतःला माफ करण्याची काही वाट काढतो.

चौकशीत त्यानं सांगितलं की बारा वाजल्यापासून मी डेकवर होतो, फायरमन खाली एकटा होता. तो झाकणाबाहेर सापडला होता, सगळ्यांनी बघितलं होतं. निष्कर्ष निघाला, फायरमननं बॉयलरमधलं पाणी कमी होऊ दिलं, हलगर्जी. कलम एकोणीसप्रमाणे स्वतःच्या हलगर्जीनं मेलेल्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन नाही. आणि बारापासून डेकवर असलेल्या अधिकाऱ्याचा तो दिवस अर्थातच धरला नाही. एक दिवस कमी. शिक्षा झाली असं त्याला काही वर्षं वाटे आणि त्यात एक प्रकारचं समाधानही असे. मग एकदा लांबूची बायको कार्यालयाच्या फाटकाशी उभी दिसली. हातात रेक्झिनची पिशवी, बोटाला धरलेली मुलगी, बापासारखीच उंच. ती जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक गणवेशाला काहीतरी विचारत होती. तो मागच्या फाटकानं बाहेर पडला आणि गटारापाशी जाऊन ओकला.

कार्यालयातल्या वेतन, बढती आणि निवृत्ती विभागाच्या खोलीत बाहेरच्या उन्हाची एक पट्टी फायलींवर पडली होती. टेबलापलीकडच्या कारकून बाई त्याला वीस वर्षं ओळखत होत्या. डबा नुकताच बंद केला असावा, बोटं पुसत म्हणाल्या, "या साहेब. आजपासूनच कॅप्टनसाहेब म्हणायला लागू का? तोंडाला वळण पडलेलं बरं."

तो बसला. दाखल्याचा कागद त्यांनी पुढे सरकवला. सगळं त्यांनीच टाइप करून ठेवलं होतं, तारीख, जहाजाचं नाव, बारा ते चार. खाली सहीची रेघ, तिच्याखाली शेऱ्यासाठी चार ओळींची मोकळी चौकट.

"बाई, याला जुने चौकशीचे कागद जोडतात का?"

"कुठली चौकशी?"

"त्या दिवशी बॉयलर फुटला होता. एक फायरमन गेला."

"अगंबाई. ते अपघातवाल्यांकडे, तिसऱ्या मजल्यावर. आमचा आणि त्यांचा जिना एक, पण बोलणं नाही. त्यांची फाईल इकडे येत नाही, आमची तिकडे जात नाही." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "का हो?"

"तिथं मी लिहून दिलंय की मी डेकवर होतो."

बाईंनी एकदा दाराकडे बघितलं. मग त्यांनी हसून, अगदी मनापासून मदत करावी तसं, आवाज खाली आणला. "साहेब, एवढं काय मनावर घेता? सत्तावीस वर्षं झाली. कोण बघतंय? मेलेला माणूस थोडाच हरकत घ्यायला येणार आहे."

त्याचा हात उठला.

तो टेबलावरून खांद्यापर्यंत गेला तेव्हा त्यानं तो बघितला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. बाईंनी किंचाळायला हवं होतं. त्या किंचाळल्या नाहीत. त्यांनी डावा कोपर झटकन कानापर्यंत वर नेला, मान खांद्यात ओढली आणि डोळे घट्ट मिटले, इतक्या सफाईनं, इतक्या सवयीनं, की त्याला त्यांचं घर दिसलं, घरातला माणूस दिसला, वीस वर्षांचे दिवस दिसले. खुर्ची मात्र करकरली. लांबूनं असा कोपर वर केला नव्हता. त्याला कधी वाटलंच नव्हतं की साहेब मारेल. हे याला आज, या क्षणी, पहिल्यांदाच कळलं, आणि इतकी वर्षं छातीत लाल होऊन लोंबत असलेलं काहीतरी फाटलं. हात हवेतच होता. त्यानं तो दुसऱ्या हातानं मनगटाशी धरला आणि एखादं जनावर दाबून बसवावं तसा टेबलावर दाबून ठेवला.

"पेन द्या," तो म्हणाला.

बाईंनी कोपर हळूहळू खाली घेतला. पेन टेबलाच्या कडेवर ठेवलं, त्याच्या हातात दिलं नाही. त्यानं सही केली. मग शेऱ्याच्या चौकटीत, चौकटीबाहेर जात, लिहिलं, 'मी बारा ते दीड खाली होतो. नळीत रेघ नव्हती. फायरमननं सांगितलं, काच रिकामी आहे. तो तोटी उघडून बघणार होता. मी त्याला मारलं आणि जाळ चालू ठेवायला लावला. नंतर वर गेलो. चौकशीत मी खोटं बोललो.' लिहून झाल्यावर त्यानं कागद फिरवून बाईंपुढे केला. त्यांनी वाचला. एकदा ओठ न हलवता, एकदा हलवत.

"हे लिहून तुम्ही नक्की काय मागताय साहेब?" त्यांचा आवाज कोरडा झाला होता. "दीड तासाचा दिवस होत नाही. चार तास लागतात."

"माहीत आहे."

"मग?"

"त्याच्या बायकोचं कलम एकोणीस."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ती दरवर्षी अर्ज करते," त्या म्हणाल्या. "यंदाचाही आलाय. उत्तराचा नमुना छापलेलाच आहे, मी नुसती तारीख घालते." त्यांनी शिक्का उचलला, खाली ठेवला. "हा कागद मी घेतला की तो मला तिसऱ्या मजल्यावर पाठवावा लागेल. कॅप्टन विसरा. कमांडरचंही वेतन अडकवतील. खटला भरतील. घरी विचारलंत?"

"नाही."

"फाडून दुसरा देऊ? कोरा आहे माझ्याकडे."

"शिक्का मारा."

त्यांनी मारला, नेहमीपेक्षा जोरात, टेबल हादरलं. पोच लिहून दिली. तो उठला तेव्हा त्या नजर वर न करता म्हणाल्या, "मघाशी तुम्ही मला मारणार होता."

"हो," तो म्हणाला.

परतताना तो चालत आला. पायांत गोळे आले. बायकोला काय सांगायचं याची वाक्यं तो जुळवत होता आणि प्रत्येक वाक्य दुसऱ्याच शब्दाशी मोडत होतं. सत्तावीस वर्षं तिनं ज्या एका दिवसाला दोष दिला तो दिवस तिला आता उघडून दाखवायचा होता. इमारतीच्या खालच्या पायरीवर नळवाला बसला होता. गाल सुजून एक डोळा बारीक झाला होता. याला बघताच तो उठला आणि दोन पावलं बाजूला सरला.

"पाना राहिलाय साहेब. बाई आत बोलवत होत्या, पण मी म्हटलं, साहेब येऊ देत."

तो वर गेला. बायको स्वयंपाकघराच्या दारात काही विचारायला तोंड उघडून उभी होती, तिला हातानंच थांब म्हणाला. न्हाणीघरात पाना सकाळी ठेवला होता तिथंच होता. तो घेऊन खाली आला. पान्याचं डोकं स्वतःच्या मुठीत आणि दांडा नळवाल्याकडे, असा त्यानं तो पुढे केला. नळवाल्यानं दांडा धरला. यानं आपली मूठ सोडली आणि हात दोन्ही बाजूंना मोकळे लोंबत ठेवले, पाठीमागे बांधले नाहीत. डोळे उघडे ठेवले. दोघांमध्ये एका हाताचं अंतर होतं.

"रिकामीच होती," तो म्हणाला. "तुझं बरोबर होतं."

नळवाल्यानं पाना तळहातावर तोलला. एकदा. दोनदा. त्याच्या जबड्याचं हाड सुजेखाली हललं. वर जिन्याच्या कठड्यापाशी बायको येऊन उभी राहिल्याचं याला पाठीतून कळलं, पण तो वळला नाही. मग नळवाल्यानं पाना पिशवीत टाकला आणि तिचं तोंड आवळलं.

"गच्चीवरचा कॉक मी मघाशीच सोडून आलोय," तो म्हणाला. "पण लगेच पेटवू नका साहेब. आधी पाणी चढू द्या."